रेणू कशी चालते

जळगावहून निघालेली धुळ्याची गाडी एरंडोल सोडून पुढे लागली, तेव्हा विशाखाला मोठी जांभई आली. शिबिराचा शीण होता, खिडकीच्या फटीतून श्रावणाची भुरभुर आत येत होती, आणि पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवून एक चारेक वर्षांची पोर मघापासून तिच्याकडे टक लावून बघत होती. विशाखानं तोंडावर हात धरून जांभई दिली. पोरीनंही तोंडावर हात धरला आणि तेवढीच लांब जांभई दिली.

विशाखानं चष्मा बोटानं वर सरकवला. पोरीनं नसलेला चष्मा वर सरकवला. विशाखानं मान खिडकीकडे कलती केली, तशी पोरीची मानही खिडकीकडे कलली. मग विशाखानं गाल फुगवले, आणि पोरगी गाल फुगवता फुगवता खुदकन हसली.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. विशाखा तायडे धुळ्यात, देवपुरातल्या एका बालवाडीत शिकवायची. जळगावच्या शिबिरात पुण्याहून आलेल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की, इटलीतल्या काही शास्त्रज्ञांना माकडाच्या मेंदूत विलक्षण पेशी सापडल्यात. माकडानं स्वतः शेंगदाणा उचलला तरी त्या जाग्या होतात, आणि दुसऱ्या कुणाला शेंगदाणा उचलताना नुसतं बघितलं तरी जाग्या होतात. आत आरसा बसवल्यासारख्या. माणसातही तसंच काही असावं, असा त्या लोकांचा कयास होता. बाकीच्या बाया चहाची वाट बघत होत्या, पण विशाखानं ते मन लावून ऐकलं होतं. मूल तुमचं ऐकतं थोडं आणि तुम्हाला बघतं फार, असं म्हणून बाईंनी बोलणं आवरलं होतं. आणि आता तोच आरसा पुढच्या सीटवरून विशाखाला वाकुल्या दाखवत होता.

"रेणू, त्यांना त्रास देऊ नको," पोरीच्या शेजारून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. खोल, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मागे वळलेला चेहरा मात्र विशाखानं कधी बघितलेला नव्हता. तिशीचा माणूस, सावळा, दाट भुवयांचा, मांडीवर एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट धरून बसलेला.

"त्रास नाही... आम्ही खेळतोय," ती म्हणाली.

"जिंकतंय कोण?"

"तुमची मुलगी."

तो हसला. विशाखाला राहवलं नाही, तिनं विचारलंच, की तुमचा आवाज मी कुठं ऐकलाय. तो एकदम संकोचला. धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत असतो म्हणाला, गाड्या पुकारतो. मग विशाखाच्या लक्षात आलं. महिन्या-दोन महिन्यांनी वडिलांना भेटायला नशिराबादला जाताना, स्टँडच्या बाकावर बसून, हाच आवाज ती ऐकत आली होती.

"तुमच्यामुळे माझी गाडी कधी चुकली नाही," ती म्हणाली.

"आणि चुकली असती तर—"

"तर बघायला आले असते, कोण बोलतंय ते."

तो पुढे वळून बसला, आणि त्याचे कान लाल झालेले विशाखाला मागून दिसले.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तो चहाला उतरला. त्याचा उजवा पाय बारीक होता. एका हातानं गुडघ्याला आधार देत, पाय ओढत, तो पायऱ्या उतरला. लहानपणचा पोलिओ असणार, हे बघताक्षणी कळत होतं. पण त्याच्या मागोमाग रेणू उतरली. ती पोरही लंगडत होती. तशीच, गुडघ्यावर हात ठेवून, पाय ओढत.

परतल्यावर त्यानं विशाखासाठीही चहा आणला होता, आणि त्या चहाच्या निमित्तानं पुढचं सगळं कळलं. त्याचं नाव अभिमन बैसाणे. रेणू वर्षाची असताना तिची आई काविळीनं गेली होती. घरी तो, त्याची आई भागाबाई आणि रेणू. पोरीला पोलिओचे सगळे डोस दिलेले होते, तरी गेल्या वर्षापासून ती अशी चालायला लागली होती. धुळ्याचे डॉक्टर झाले, आता जळगावचे हाडांचे डॉक्टर झाले. सगळे म्हणतात पायात काही दोष नाही.

"दोष नाही तर मग..." तो पाकिटाकडे बघत राहिला. रेणूला आमच्या बालवाडीत घाला, विशाखा म्हणाली.

सोमवारी सकाळी बालवाडीच्या दारात बापलेक उभे होते.

रेणू आली आणि बालवाडीला नवीनच रंग चढला. पोरगी हाताची मूठ तोंडापुढे धरून खणखणीत आवाजात पुकारायची, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाण्याच्या माठाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." मग सगळी पोरं एकमेकांचे सदरे धरून माठाकडे निघायची. डबा उघडला की रेणू आधी शेजाऱ्याला एक घास द्यायची आणि मगच स्वतः खायची. दूध गरम असलं तर बशीत ओतून, डोळे मिटून, त्यावर तीनदा फुंकर घालायची. कुणी पडून रडायला लागलं, तर जवळ जाऊन नुसती बसायची, बोलायची नाही, आणि रडं ओसरलं की विचारायची, "झालं? चला?"

एवढ्याशा पोरीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ती ज्याला बघत होती तो असा होता. विशाखाला नवल वाटायचं. त्या माणसाशी तिचं बोलणं व्हायचं दाराशी पाच मिनिटं, पण तो दूध कसा पितो, दुःखाजवळ कसा बसतो, हे तिला रोज दिवसभर दिसत होतं.

आणि नवल तिकडेही चाललं होतं. सकाळची ड्यूटी संपवून अभिमन दुपारी रेणूला न्यायला यायचा. एकदा चपला घालायला रेणूला उशीर होत होता, तेव्हा तो म्हणाला,

"बाई, तुम्ही काल कुणाला तरी रागावलात."

विशाखा चमकली. "रेणूनं चुगली केली?"

"नाही. घरी आल्यावर तिनं बाहुलीला समोर बसवलं, कमरेवर हात ठेवले... आणि म्हणाली, 'मला खूप वाईट वाटलं हं.' नंतर लगेच बाहुलीची पापी घेतली."

"मी पापी नाही घेतली," विशाखा म्हणाली. मग आठवून म्हणाली, "घेतली होती..."

"मला ठाऊक होतं."

"आणखी काय काय ठाऊक आहे तुम्हाला?"

तो रेणूच्या चपलेचा बंद लावायला खाली वाकला. "विचार करताना तुम्ही वेणीचं टोक गालावर फिरवता. कडी लावली की दोनदा ओढून बघता. आणि... हसू आलं की आधी खाली बघता."

विशाखानं खाली बघितलं. मग लक्षात आल्यावर तिला आणखी हसू आलं.

"माइकवर तर घडाघडा बोलता," ती म्हणाली, "इथं एवढे अडखळता का?"

"माइक माझ्याकडे बघत नाही," तो म्हणाला, आणि पोरीचं बोट धरून निघाला. दोघं पाय ओढत बोळाच्या टोकाशी दिसेनासे होईपर्यंत विशाखा दारात उभी होती.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. पोरांचा 'बाई-बाई' खेळ चालला होता. रेणूनं विशाखाचा पंचा पदरासारखा खांद्यावर घेतला, हातात पट्टी घेतली आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐटीत चालत गेली. गोष्टीचं पुस्तक शोधत असलेल्या विशाखानं मान वर केली आणि ती तशीच थांबली.

रेणू सरळ चालत होती.

विशाखा पोरांमध्ये जाऊन बसली आणि खेळात शिरली. आता रेणू कंडक्टर होणार, म्हणाली. रेणू कंडक्टर झाली, दोन्ही पाय फाकवून, हलत्या गाडीत चालल्यासारखी, पण सरळ. आता आजी. रेणूनं कमरेवर हात ठेवला, पाठ वाकवली, हळूहळू पण दोन्ही पायांवर सारखं वजन टाकत गेली.

"आता रेणू," विशाखा म्हणाली. "रेणू कशी चालते?"

रेणूनं पंचा काढून ठेवला, गुडघ्यावर हात ठेवला आणि लंगडत आली.

"रेणू अशी का चालते गं?"

या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, असं पोरीच्या चेहऱ्यावर होतं. "रेणू पप्पांसारखी चालते," ती म्हणाली.

तेव्हाच विशाखाला आणखी एक गोष्ट दिसली. अभिमनचा उजवा पाय अधू होता, रेणू ओढत होती डावा. बाप ड्यूटीवरून यायच्या वेळी ती रोज घरी उंबऱ्यात बसायची आणि त्याला समोरून येताना बघायची, हे त्यानंच कधी सांगितलं होतं. समोरच्याचा उजवा तो आपला डावा. आरशात बघून शिकावं, तशी ती शिकली होती.

दुपारी अभिमन आला तेव्हा विशाखानं सगळं सांगितलं. बोलता बोलता तिला दम लागला, इतकी ती आनंदात होती. पाय धड आहे, पोरीला काही झालेलं नाही, ती फक्त तुमच्यासारखी चालते. अभिमनही हसला. हात जोडून म्हणाला, बाई, वर्षाची काळजी मिटवलीत. मग हळूहळू त्याचं हसू विरत गेलं.

"म्हणजे... माझ्यामुळे," तो म्हणाला.

विशाखा तसं नाही म्हणत राहिली, पण तो निघाला होता. जाताना त्यानं रेणूचं बोट धरलं नाही. तिला पुढे चालायला सांगितलं आणि स्वतः बराच मागून गेला.

दुसऱ्या दिवसापासून रेणूला न्यायला भागाबाई येऊ लागल्या. अभिमननं दुपारची ड्यूटी मागून घेतली होती. रेणू बशीत फुंकर घालेना, गाड्या पुकारेना. आठवडा गेल्यावर विशाखानं भागाबाईंना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं. म्हातारी बोलायला लागली ती पदर डोळ्यांना लावूनच.

"काय सांगू बाई तुले. पोर जागी ऱ्हायनी का तो खाटलावरथून उठसच नही. पानीसुद्धा माले मांगस. म्हणस, हिले चोपडाले धाडी देऊ, आत्याजोडे. तठे सरळ चालाले शिकी." त्या थांबल्या. "तिनाबिगर त्याले दुसरं कोन शे?"

पोरीला आपली चाल दिसू नये म्हणून अभिमन घरात खाटेवरून उठत नव्हता, आणि दिवाळीनंतर तिला चोपड्याला आत्याकडे पोचवायचं, असं ठरलंही होतं.

विशाखा त्याच दिवशी बालवाडीला कुलूप लावून निघाली. पांझरा नदीचा पूल ओलांडताना पाऊस लागला, परतीचा, जोराचा. स्टँडवर पोचेपर्यंत साडीचा काठ चिखलानं भरला होता. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माणसं एकमेकांच्या कानात बोलत होती, आणि तरी त्या सगळ्यावर तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता, "साक्रीमार्गे नंदुरबारकडे जाणारी गाडी..."

ती चौकशीच्या रांगेत उभी राहिली. खिडकीशी पोचली तेव्हा त्यानं मान वर न करताच विचारलं, कुठं जायचंय.

"कुठंच नाही. तुमच्याशी बोलायचंय."

त्यानं सोबत्याला खिडकी दिली आणि बाहेर आला. दोघं शेवटच्या फलाटाच्या बाकावर बसले. विशाखानं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं ती विसरली. मग ती जे दिसलं तेच सांगत गेली. रेणू पहिला घास दुसऱ्याला देते. रडणाऱ्याजवळ जाऊन बसते. हरलेल्याला हसत नाही. दमदाटी करणाऱ्या पोरासमोरही आवाज चढवत नाही आणि मागेही सरत नाही.

"हे सगळं तिनं कुणाचं घेतलंय?" ती म्हणाली. "तुम्हाला तुमचा तेवढा पाय दिसला."

अभिमन फलाटावर उड्या मारणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

"बाई, माझी नक्कल ही नवी गोष्ट नाही," तो म्हणाला. "शाळेत होतो तेव्हा पोरं माझ्या मागे रांग करून लंगडत यायची. कॉलेजात झालं, इथंही कुणी कुणी करतं. पाठीमागं पाय घासल्याचा आवाज आला की मला अजून... मान वळवायची हिंमत होत नाही. आणि आता माझीच पोर."

"त्यांनी चिडवायला केली," विशाखा म्हणाली. "ती तुम्हाला चिडवत नाही. जगातला सगळ्यात चांगला माणूस कसा चालतो, ते तिनं बघितलं आणि तसं चालायचं ठरवलं."

त्यानं एकदम तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, ते लपवायचं तो विसरला.

"पण ती अशीच राहिली तर?"

"नाही राहणार. अजून तिनं फार माणसं बघितलेली नाहीत. तिला सोबत चालणारी माणसं आणखी हवीत... त्यासाठी तुम्ही कमी व्हायला नको."

"आणखी म्हणजे कोण?"

विशाखा बोलून बसली होती. आता मागे घेता येत नव्हतं. "म्हणजे... मी रोज संध्याकाळी मोकळीच असते," ती म्हणाली, आणि तिनं आधी खाली बघितलं.

चोपडा रद्द झाला. अभिमननं पुन्हा सकाळची ड्यूटी घेतली, आणि संध्याकाळी तिघं पांझरेच्या पुलावर फिरायला जाऊ लागले. मध्ये रेणू, एका हाताला पप्पा, एका हाताला बाई. पोरगी थोडं चालायची एकासारखी, थोडं दुसरीसारखी. वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांच्या चाली करून बघायची, भाजीवालीची, पोलिसाची, एकदा तर बकरीची. विशाखा आणि अभिमन हसून हसून कठड्याला टेकायचे. थंडी पडू लागली तशी विशाखा शाल घेऊ लागली, आणि शाल घ्यायची विसरलेल्या दिवशी अभिमनच्या खांद्यावर एक जादा शाल असायची. ती कुणासाठी, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

एके संध्याकाळी तो म्हणाला, "तुम्हाला कसली काळजी लागलीय?"

"मला? छे."

"दोन दिवस झाले, रेणू खिडकीत बसून उसासे टाकतेय. हनुवटीखाली हात... वेणीचं टोक गालावर."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. विशाखानं सांगितलं की पहूरचं स्थळ आलंय. मुलगा हायस्कुलात शिक्षक आहे, घर चांगलं आहे, रविवारी वडिलांना उत्तर द्यायचंय. अभिमन म्हणाला, चांगलं आहे की. पुन्हा म्हणाला, फारच चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत रेणूनं डबा उघडला, शेजारच्या पोराला पहिला घास दिला आणि डबा लोटून दिला. विशाखानं जवळ जाऊन विचारलं.

"भूक नाही," रेणू एखाद्या मोठ्या माणसासारखी म्हणाली. "तुम्ही जेवा. मला नाही जात."

विशाखा तिथंच खाली बसली. मन एकदम हलकं झालं, आणि त्याच वेळी रडूही आलं. तिनं त्या पोरीला घट्ट जवळ घेतलं आणि मनातल्या मनात तिचे आभार मानले. बापानं काल रात्री जे ताटावर बसून लपवलं होतं, ते पोरीनं डब्यात आणून दिलं होतं.

रविवारी ती नशिराबादला गेली. तिचे वडील यादव तायडे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. आई लवकर गेल्यावर त्यांनी एकट्यानं विशाखाला वाढवलं होतं. जेवणं झाल्यावर तिनं पहूरला नाही कळवा म्हणून सांगितलं, आणि का ते विचारल्यावर सगळं सांगितलं. बिजवर, त्यात पदरी पोर, त्यात पाय. वडिलांनी एकेक बोट मिटत मोजलं. चेहरा उतरला होता.

"आबा," विशाखा म्हणाली, "तुम्ही मला एकट्यानं वाढवलंत. नट आवळला की पुन्हा एकदा बघायचा, ही तुमची सवय. मी अजून प्रत्येक कडी दोनदा ओढून बघते. माझ्यात जे काही चांगलं आहे ते तुम्हाला बघून आलंय. एकटा बाप पोरीला काय देऊ शकतो, ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ते मला त्याच्यात दिसलं."

यादवआबा चष्मा काढून धोतराला पुसत बसले.

"त्यानं विचारलंय का तुला?" शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"अजून विचारलंच नाही, आणि तू नकार देऊन बसलीस एका घराला?" आबांना हसू आलं. "विचारू दे आधी. मग मी येतो धुळ्याला, त्याच्याशी जयभीम करून. पाय नाही बघणार. माणूस बघेन."

सोमवारची संध्याकाळ थंड होती. पांझरेचं पाणी आटून एका बाजूला गेलं होतं. अभिमन रोजच्यासारखा आला, पण रविवारबद्दल त्यानं काही विचारलं नाही. विशाखानंही आपणहून सांगितलं नाही. रेणूला पुलाच्या पलीकडे फुगेवाला दिसला आणि ती हात सोडवून पळाली.

दोघंही थांबून बघत राहिले. रेणू दोन्ही पायांनी सारखी, वाऱ्यासारखी पळत होती. फुगेवाल्यापाशी पोचल्यावर चालत त्याच्याभोवती फिरली, तीही सरळच.

"सुटलं तिचं," अभिमन म्हणाला. "कधी सुटलं?"

"मला तरी कुठं कळलं..."

पुन्हा चालायला लागल्यावर चार पावलं गेली असतील, तो एकदम थबकला.

"बाई... तुमचा पाय दुखतोय का?"

"नाही. का हो?"

तो तिच्या पायांकडे बघत राहिला. विशाखानं खाली बघितलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिचा उजवा पाय पडायच्या आधी जरासा थांबत होता, आणि मग ओढल्यासारखा पुढे येत होता. रेणूसारखा डावा नाही, उजवा. समोरून बघून ती शिकली नव्हती, शेजारी चालून शिकली होती. किती दिवसांपासून हे चाललं होतं कोण जाणे. तिचा चेहरा गरम झाला.

"हे... सवयीनं झालं असेल," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"रोज ज्याच्यासोबत चालते, त्याच्या."

अभिमननं कठडा धरला. पुलावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली, तरी तो तसाच उभा होता.

"लहानपणी माझ्यासारखं कुणी चाललं की मी दगड उचलायचो," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता हात कापतायत."

"मग एक माझ्याकडे द्या," विशाखा म्हणाली.

त्यानं दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की पहूरला नकार गेलाय, आबांना सगळं ठाऊक आहे, फक्त एका माणसानं विचारायचं राहिलंय. साऱ्या जिल्ह्याला गाड्या सांगणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य जमायला फार वेळ लागला. त्यात 'बाई' हा शब्द मात्र नव्हता. त्यानं तिला पहिल्यांदाच विशाखा म्हटलं. ती हो म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली, की त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

"इतकी वर्षं या पायावर राग धरून होतो," तो म्हणाला. "आज वाटतंय, याचे उपकार आहेत माझ्यावर."

"माझ्यावरही आहेत," विशाखा म्हणाली.

पलीकडून रेणू लाल फुगा घेऊन येत होती. फुगेवाल्याचे पैसे द्यायचे राहिले होते. अभिमन तिकडे निघाला, पाय ओढत, आणि विशाखा त्याचा हात न सोडता त्याच्याच चालीनं त्याच्याबरोबर गेली.